शेवटचा डबा कुणी खाल्ला?

१

डबा रिकामा होता. नुसता रिकामा नाही, आतून ठणठणीत कोरडा. चाटूनपुसून साफ केल्यासारखा.

सकाळचे आठ वाजले होते. नेहमीसारखं ब्लडप्रेशरचं यंत्र काखेत मारून मी माजी सैनिकांच्या वसतिगृहात शिरले, तर हॉलमध्ये काचेच्या उघड्या कपाटासमोर तीन म्हातारे ओळीनं उभे. तिघांचीही तोंडं उघडी. पंचवीस वर्षं नर्स आहे मी. उघडी तोंडं दिसली की आधी कवळ्या मोजते. कवळ्या जागेवर होत्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

त्या कपाटात लाकडी ठोकळ्यावर चिकटवलेला तो डबा चाळीस वर्षं बसून होता. मुठीपेक्षा थोडा मोठा, हिरवा रंग उडालेला, फौजेतला मांसाचा डबा. खाली पितळी पाटी: 'शेवटचा डबा'. आता त्याचं वरचं झाकण कापून उभं राहिलं होतं, कुणीतरी टोपी उचलून नमस्कार करावा तसं.

डब्याची गोष्ट मी इथं बारा वेळा ऐकलीय, कारण कॅप्टनसाहेब ती दरवर्षी याच तारखेला संध्याकाळी पाच वाजता पाहुण्यांना सांगतात. चार जण एका उघड्या टेकडीवर अकरा दिवस वेढ्यात अडकले. कॅप्टन, वायरलेसवाला, आचारी आणि सगळ्यांत धाकटा एक शिपाई. शेवटी एकच डबा उरला. धाकटा जखमी होता, म्हणून त्याला डबा देऊ केला, तर तो म्हणाला, "आधी तुम्ही खा." मग कुणीच खाल्ला नाही. पहाटे धाकटा उपाशीपोटी गेला आणि दोन तासांनी मदत आली. वाचलेले तिघं म्हणजे कपाटासमोरचे हेच तीन म्हातारे; वायरलेसवाल्याला सगळे नुसतं वायरलेस म्हणतात. 'आधी तुम्ही खा' म्हणताना कॅप्टनसाहेबांचा आवाज दरवर्षी फुटतो. पाहुणे रुमाल काढतात. मग चहा होतो.

आज चाळीसावं वर्ष. पाहुणेही दुप्पट बोलावलेले.

धाकट्याची बायको वसतिगृहातच राहतात, सगळे त्यांना वहिनी म्हणतात. त्या खिडकीशी बसून कॅप्टनसाहेबांच्या समारंभाच्या कोटाची शिवण उसवत होत्या, कारण कोट तोच राहिला होता आणि साहेब वाढले होते. मांडीवर मांजर. एवढा आकांत चालला होता, पण त्यांनी मान वर केली नाही.

मांजरीनं मात्र केली. उडी मारून कपाटापाशी आली, डब्यात डोकं घातलं, एकदा शिंकली आणि परत जाऊन मांडीवर झोपली.

कॅप्टनसाहेबांना वाचा फुटली. ज्यानं कुणी हे केलंय त्याचं ते कोर्ट मार्शल करणार होते. निवृत्त होऊन त्यांना सव्वीस वर्षं झालीत आणि हाताखाली ही दोनच माणसं, पण त्या वेळी त्यांना ते सांगण्यात अर्थ नव्हता.

"साहेब, कोर्ट मार्शल सावकाश करा," मी म्हटलं. "चाळीस वर्षांचं मांस ज्यानं खाल्लंय, तो उद्यापर्यंत मेलेला असेल."

तिघांनीही एकदम आपापल्या पोटाकडे पाहिलं. त्यामुळे काहीच कळलं नाही.

२

शहरातल्या इस्पितळाला फोन लावला. डॉक्टर म्हणाले की असल्या जुन्या डब्यात एक विष होतं, त्याला वास नाही, चव नाही. आधी डोळ्यांपुढे दोन-दोन दिसायला लागतं, मग गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. त्यावर औषध आहे. पण त्यांच्याकडे एकच डोस होता. आणि ते औषध घोड्याच्या रक्तापासून करतात, ज्यानं खाल्लं नाही त्याला उगाच टोचलं तर तोच आडवा व्हायचा. ॲम्ब्युलन्स बारा वाजता पाठवतो म्हणाले. तोवर खाणारा शोधून ठेवा.

म्हणजे माझ्याकडे साडेतीन तास होते.

मी तिघांना बसवलं आणि समजावलं. चोरी वगैरे राहू द्या, शिक्षा नाही, मी कुणाला सांगणार नाही, फक्त हात वर करा आणि जगा. कुणी हात वर केला नाही. आचारी म्हणाला की त्याला एकदम ठणठणीत वाटतंय. वायरलेसनं तेच सांगितलं. कॅप्टनसाहेब म्हणाले, "सिस्टर, मी मरण पत्करेन, पण तो डबा मी खाल्ला असं म्हणवून घेणार नाही." हे ऐकून बाकीच्या दोघांनी माना हलवल्या. झालं. आता खाणारा जो कोण असेल तो अभिमानानं मरणार होता.

मग मी डब्याकडे वळले. माणसं खोटं बोलतात, पत्रा बोलत नाही.

आमच्या स्वयंपाकघरात चाकाचा ओपनर आहे. त्यानं कापलेली कड गुळगुळीत होते. ही कड तशी नव्हती. दर दोन-तीन मिलिमीटरवर एक बारीक चावा, मग दुसरा चावा, असे गोल फिरून आलेले. अशी कड कशानं होते हे या इमारतीत कुणालाही विचारा. फौजेत शिध्याबरोबर एक ओपनर मिळायचा. अंगठ्याएवढी पत्र्याची पट्टी, तिला बिजागरीवर दुमडणारं एक वाकडं पातं, बस. पातं उघडायचं, डब्याच्या कडेला अडकवायचं आणि मनगट हलवत कुरतडत जायचं. म्हणून फौजेत त्याला उंदीर म्हणायचे. टेकडीवरच्या त्या चौघांना एकेक उंदीर मिळाला होता, आणि या तिघांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात तो अजून लटकतोय.

मी हात पुढे केला. "जुडगे टेबलावर."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढे जे घडलं त्यात मला फक्त तीन ओपनर मिळायचे होते. मिळाली तीन आयुष्यं.

३

वायरलेसचा उंदीर आधी घेतला. हा माणूस दिवसभर काही ना काही उघडून बसलेला असतो. त्यानं फार प्रेमानं सांगितलं की या पट्टीनं तो चष्म्याचे स्क्रू आवळतो, वायरीचं साल काढतो, रेडिओची मागची बाजू उघडतो, रिमोटच्या सेलवरचा गंज खरवडतो, दाराची खिळखिळी कडी घट्ट करतो. एकदा कानात अडकलेला मणीही काढला होता. कुणाच्या कानातला, हे मी विचारलं नाही. मला आठवत होतं, टाके मीच घातले होते.

आचाऱ्याचा उंदीर चकचकीत होता, पण नुसता झिजून. गॅसच्या बर्नरची भोकं मोकळी करणं, करपलेला टोप खरवडणं, बटाट्याचे डोळे काढणं, मासळीचे खवले, पिठाच्या पिशवीचा दोरा, सिंकच्या जाळीतले केस. आचाऱ्याला मी विचारलं की बटाटे आधी की जाळी आधी. तो म्हणाला, मध्ये धुतो. त्या दिवसापासून मी तिथं बटाटे खात नाही.

कॅप्टनसाहेबांचा उंदीर तिघांत देखणा. दर रविवारी पितळेच्या पॉलिशनं घासलेला. ते त्यानं पत्रं उघडतात, बुटाच्या तळातले खडे काढतात, मेणबत्तीचं सांडलेलं मेण उचलतात, नखं साफ करतात. पुस्तकात खूण म्हणून ठेवतात. त्याची लांबी त्यांना पाठ आहे, त्यामुळे भिंतीवर फोटो टांगताना पट्टी लागत नाही. वसतिगृहातले सगळे फोटो तिरके का आहेत, हे मला बारा वर्षांनी कळलं.

तिघांच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र सारखी होती. प्रत्येकजण मान ताठ करून म्हणत होता, "सिस्टर, याच्यानं काय होत नाही ते विचारा."

मी विचारलं नाही, करून पाहिलं. कोठारातून अननसाच्या फोडींचे तीन डबे मागवले आणि तिघांच्या पुढ्यात ठेवले. "फोडा."

वायरलेसनं पातं अडकवलं, मनगट हलवलं, आणि पातं घसरून टेबलात घुसलं. चाळीस वर्षं स्क्रू फिरवून त्याचं टोक दोरीसारखं पिळलेलं. आचाऱ्यानं जोर लावला, लावला, कपाळाच्या शिरा दिसायला लागल्या तसं मी त्याला थांबवलं. डब्यावर ओरखडासुद्धा नव्हता. खरवडून खरवडून पात्याचं टोक चमच्यासारखं गोल झालं होतं. कॅप्टनसाहेबांचं पातं तर उघडेचना. दोन हजार रविवारांचं पॉलिश बिजागरीत जमून दगड झालं होतं. त्यांनी नखानं प्रयत्न केला, दातानं प्रयत्न केला, शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "मी हा शेवटचा कधी उघडला मला आठवत नाही."

तिघेही आपापल्या उंदराकडे असे बघत राहिले, जसा घरातला कुत्रा चोराच्या पायांशी लोळताना पाहावा.

त्या तीन उंदरांनी जगातलं सगळं होत होतं. फक्त डबा फुटत नव्हता.

घड्याळात साडेदहा झाले होते. माझ्यापुढे तीन संशयित होते आणि तिघेही निर्दोष.

४

टेकडीवर माणसं चार होती. मग उंदीरही चार.

हे लक्षात आलं तेव्हा मी जुडगे तिथंच सोडले. मी खिडकीकडे वळले. वहिनी अजून कोट उसवत होत्या. बोटांमध्ये काहीतरी चपटं चमकत होतं, गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेलं. सकाळी मी ते शिवणकामाचं काहीतरी म्हणून सोडून दिलं होतं.

मी त्यांच्याजवळ स्टूल ओढलं आणि आधी नाडीवर हात ठेवला. नाडी घाईत होती.

"वहिनी, हे कुठलं?"

"त्याच्या सामानात आलं होतं," त्या म्हणाल्या. "घड्याळ, पाकीट आणि हे. मला वाटलं, काहीतरी शिवायचंच असेल. मी टाके उसवते, बटणांचे दोरे कापते. दोन बटणांत अंतर किती ते यानंच मोजते." मग थोडं थांबून, "हे डबे फोडायचं आहे हे मला काल वायरलेसभावजींनी सांगितलं. सहज बोलता बोलता."

चाळीस वर्षं मऊ दोऱ्यांवर चाललेलं ते पातं नव्यासारखं होतं.

"कधी खाल्लंत?"

"खाणार होते. पहाटे खाली आले, चमचा घेऊन."

"वहिनी, मेला असतात तुम्ही."

"असतेच की. पण दरवर्षी साहेब सांगतात, तो म्हणाला, आधी तुम्ही खा, आणि उपाशी गेला. मी आजच्या दिवशी चाळीस वर्षं अन्नाला शिवले नाही. काल वाटलं, त्याच्या नावाचा घास चाळीस वर्षं तसाच पडलाय. कुणीतरी खायला नको?"

"मग खाल्ला का नाहीत?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते मी इस्पितळात फक्त एकाच ठिकाणी पाहिलंय, चुकीचं प्रेत दाखवलं गेलं की नातेवाइकांच्या डोळ्यांत.

"चमचा आत घातला," त्या म्हणाल्या, "तर करकर वाजलं."

त्यांनी खिडकीतल्या कुंडीकडे बोट केलं. काळ्या मातीवर मूठभर करड्या रंगाची कोरडी वाळू पसरली होती.

५

इस्पितळाला फोन करून मी ॲम्ब्युलन्स थांबवली. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, खात्री आहे ना. मी म्हटलं, वाळू खाल्ली तरी फार तर पोट दुखतं, आणि तीही कुणी खाल्लेली नाही. मग मला ती मांजर आठवली आणि स्वतःची लाज वाटली. मांसाचा डबा कितीही चाटला तरी चरबीचा थर मागे राहतो. जी मांजर बंद डब्यातली मासळी ओळखते, ती त्याला हुंगून शिंकली होती. तिला पहिल्या मिनिटाला कळलं ते मला अडीच तासांनी कळलं.

पण मरणाचं निभावलं तरी प्रश्न तिथंच उभा होता. डबा कुणी खाल्ला?

मी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं, वहिनींनाही, हातातल्या कोटासकट. डब्यात वाळू होती हे सांगितल्यावर कॅप्टनसाहेब उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. वायरलेस म्हणाला, कारखान्यातूनच वाळू भरून आली असेल, ठेकेदार काय वाट्टेल ते करतात. मी कुंडीतली वाळू कागदावर घेतली होती. तिच्यात तागाचे दोन-चार धागे होते. पोत्याचे.

"वाळूचं पोतं तुम्ही कुठं पाहिलं होतं?" मी विचारलं.

उत्तराची गरज नव्हती. अकरा दिवस ते चौघे वाळूच्या पोत्यांच्या भिंतीमागे पडून होते.

वरचा काप आज पहाटेचा, अजून चकाकत होता. म्हणजे वाळू दुसरीकडून गेली होती, आणि डब्याला दुसरी बाजू एकच असते. मी वहिनींच्या उंदराचं पातं डबा आणि ठोकळा यांच्या मध्ये घातलं आणि हळूहळू फिरवलं. डिंक कडकड तुटला. डबा सुटला. मी तो उलटा केला.

तळालाही बारीक चावे होते, गोल फिरून आलेले. गंजून तपकिरी झालेले. फटीत मेणबत्तीचं मेण भरलेलं.

"हा ठोकळा कुणी बनवला?" मी विचारलं, पण मी बघत होते ती एकाच माणसाकडे. कारण टेकडीवर शिधा ज्याच्या ताब्यात होता, त्यानंच परत आल्यावर हट्टानं डबा लाकडावर चिकटवला असणार. कुणी कधी उलटा करून पाहू नये म्हणून.

आचाऱ्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"तू खाल्लास?" कॅप्टनसाहेबांचा आवाज फुटला, आणि आज समोर पाहुणे नव्हते.

"साहेब, तुमचा हुकूम होता," आचारी म्हणाला. "मदत येईपर्यंत शेवटचा डबा फोडायचा नाही. कुणीही."

मी कॅप्टनसाहेबांकडे पाहिलं. म्हणजे डबा धाकट्याला कुणी देऊच केला नव्हता. 'आधी तुम्ही खा' हे वाक्य धाकटा कधी बोललाच नव्हता. साहेब खाली बसले. त्यांनी कोटाची एक सुटी बाही उगाच सरळ केली. मग कुणाकडेही न बघता म्हणाले की मदत त्याच दिवशी येईल असं त्यांना वाटलं होतं. आली नाही. पोराला उपाशी मारलं हे त्याच्या बायकोला कसं सांगायचं? म्हणून त्यांनी गोष्टीत त्याला मोठा केला. एकदा सांगितलं, मग दरवर्षी सांगावं लागलं.

वहिनी हलल्या नाहीत.

"हुकूम मोडला मी," आचारी म्हणाला. "शेवटच्या संध्याकाळी तुम्ही दोघं वायरलेसच्या यंत्राशी झटापट करत होतात. धाकट्याला ताप होता. मला म्हणाला, भूक लागलीय रे. एवढंच. मी माझ्या उंदरानं डबा खालून फोडला. वरून फोडला असता तर दिसलं असतं. त्याच पात्यानं एकेक तुकडा काढून त्याला भरवला. मग पोत्यातली वाळू भरली, मेण लावलं. सकाळी तुम्ही डबा हातात घेऊन रडलात, साहेब. तेव्हा काय सांगणार होतो? आणि नंतर तर पाटी लागली."

वायरलेस तेवढा पुटपुटला की मीही तेव्हा उपाशीच होतो. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

कॅप्टनसाहेबांनी विचारलं, अगदी लहान मुलासारखं, "म्हणजे तो माझ्यामुळे उपाशी नाही गेला?"

"नाही साहेब. डबा संपवला त्यानं."

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा दगडासारखा. मला वाटलं, आता ही बाई उठून तिघांच्या कानाखाली वाजवेल, आणि मी अडवणार नव्हते. एवढ्या वर्षांत किती वेळा गोष्ट बदलली होती त्यांच्यासाठी. आधी त्यागाची, मग वाळूची, आता ही तिसरी. आणि तिसरीसुद्धा खरी कशावरून?

"आचारीभावजी," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. खाताना तो काय म्हणाला?"

आचारी गडबडला. इकडे तिकडे पाहिलं. सांगावं की नाही, असं झालं त्याला.

"चांगलं काही नाही बोलला, वहिनी."

"काय बोलला?"

"पहिला घास खाल्ला आणि म्हणाला, मीठ जास्त झालंय."

वहिनींच्या तोंडून एक आवाज निघाला. आधी मला कळलंच नाही की ते हसू आहे. त्यांनी पदर तोंडाला लावला, खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"तीन वर्षांचा संसार आमचा," त्या म्हणाल्या. "एक जेवण असं गेलं नाही की हे म्हणाला नाही. एक नाही. मी ताट आपटायचे. म्हणायचे, तुला एकदा दुसऱ्याच्या हातचं खायला मिळू दे, मग कळेल."

त्यांनी डोळे पुसले. कोट बाजूला ठेवला. कॅप्टनसाहेब पाच वाजता काय सांगू असं विचारायला तोंड उघडत होते, त्यांना वहिनींनी हातानंच थांबवलं आणि आचाऱ्याकडे वळल्या.

"काय केलंय आज जेवायला?"

"अजून काही नाही. वाटाण्याचं सूप टाकेन म्हणतो."

"टाका," त्या म्हणाल्या. "मी जेवणार आहे."